घरच्या टाकीत अपिस्टोची वीण : पुण्यातील नवशिक्यांसाठी

ड्वार्फ सिक्लिड, म्हणजे सिक्लिड या माशांच्या कुळातील साधारण दहा सेंटिमीटरच्या आत राहणाऱ्या, अपिस्टोसारख्या जाती, घरच्या टाकीत फारशी मिनतवारी न करताही अंडी घालतात. पाळणाऱ्याची पंचाईत होते ती त्यानंतर आठवडाभराने, जेव्हा साठ-सत्तर पिल्ले एके सकाळी वाळूवरून उठून पोहू लागतात आणि त्यांच्या तोंडात मावेल असे काहीही घरात नसते. दुकानातून आणलेल्या दाण्याचा चुरा पिल्ले खात नाहीत, उकडलेल्या अंड्याच्या बलकाने पाणी नासते, आणि तीन-चार दिवसांत टाकी पुन्हा रिकामी होते. माझ्या पहिल्या दोन विणी अशाच वाया गेल्या. म्हणून या लेखात मी क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे : आधी पिल्लांचे अन्न, मग पाणी, मग टाकी आणि सर्वांत शेवटी मासे. जात कोणती घ्यायची एवढे मात्र पहिल्यांदा ठरवावे लागते, कारण पुढची सगळी तयारी त्यावर अवलंबून असते.

सिक्लिड कुळ पुणेकरांना अगदीच परके नाही. भिगवणला उजनीच्या काठी तळून मिळणारी चिलापी ही याच कुळातली आहे, आणि केरळातले करीमीनही. या कुळाची ओळख म्हणजे पिल्लांची राखण. चिलापीची मादी अंडी तोंडात धरून उबवते, तर आपण ज्यांच्याविषयी बोलणार आहोत ते छोटे सिक्लिड गुहेच्या छताला किंवा सपाट दगडावर अंडी चिकटवून त्यांच्यावर पहारा देतात. हा पहारा बघायला मिळावा, हेच हे मासे पाळण्याचे खरे कारण आहे.

जातीची निवड

नवशिक्याने अपिस्टोग्रामा काकाटुऑइडिस या जातीपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानात तिला ‘कॉकाटू अपिस्टो’ किंवा नुसते ‘अपिस्टो’ म्हणतात, आणि ‘डबल रेड’, ‘ट्रिपल रेड’ ही तिच्याच रंगीत वाणांची नावे आहेत. मूळची ही ॲमेझॉनच्या खोऱ्यातली, पण कित्येक पिढ्या टाकीत वाढल्यामुळे पाण्याच्या बाबतीत ती फार नखरे करत नाही, तिची पिल्ले पहिल्या दिवसापासून आर्टेमिया (नुकतेच अंड्यातून फुटलेले सूक्ष्म झिंगे) खाऊ शकतात आणि मादी बहुधा चांगली आई निघते. अपिस्टोग्रामा बोरेली ही पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातली जात थंडी अधिक सोसते, त्यामुळे पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत तिची काळजी कमी करावी लागते, परंतु ती दुकानात क्वचितच दिसते. पश्चिम आफ्रिकेतून आलेला क्रिबेन्सिस, म्हणजेच क्रिब, हा या सगळ्यांत सोपा. फक्त तो पिल्ले सांभाळताना इतका आक्रमक होतो की दोन फुटी टाकीत दुसरा मासा टिकत नाही.

रॅमचा मोह मात्र पहिल्या वर्षी टाळावा. व्हेनेझुएला आणि कोलंबियातील ओरिनोको नदीच्या खोऱ्यातून आलेला हा मासा दिसायला सर्वांत देखणा आहे, हे खरे. पण त्याला २८ ते ३० अंशांचे उबदार आणि मऊ पाणी लागते, त्याची पिल्ले अपिस्टोच्या पिल्लांपेक्षा बारीक असल्याने त्यांना पहिले काही दिवस आर्टेमियाही गिळवत नाही, आणि बाजारात येणाऱ्या रॅमपैकी बरेचसे रंग उठावा म्हणून संप्रेरके देऊन वाढवलेले असल्यामुळे ते अल्पायुषी ठरतात. ‘इलेक्ट्रिक ब्लू’ रॅम तर त्याहूनही नाजूक. पुढचे विवेचन म्हणूनच कॉकाटू अपिस्टोला धरून केले आहे.

मासे आणण्याआधी आर्टेमिया

आर्टेमिया म्हणजे खाऱ्या सरोवरांत राहणारा बारीक झिंगा. त्याची सुकलेली अंडी डबीतून मिळतात आणि मिठाच्या पाण्यात घातली की साधारण एका दिवसात फुटतात. मासे घरात येण्यापूर्वी किमान पाच-सहा वेळा ही अंडी यशस्वीपणे फोडून दाखवावीत, आणि मगच दुकानात जावे. ही एकच अट पाळली तरी निम्मे अपयश टळते.

दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घेऊन तिचा तळ कापावा आणि झाकण घट्ट लावून ती उलटी टांगावी, म्हणजे खाली नरसाळ्यासारखा भाग येतो. तीत एक लिटर पाणी आणि स्वयंपाकघरातील काट्यावर तोललेले २५ ग्रॅम जाडे मीठ घालावे. धरणाचे मऊ पाणी वापरत असल्यास चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा, कारण किंचित अल्कधर्मी पाण्यात अंडी चांगली फुटतात. एअर पंपाची नळी थेट झाकणापाशी तळाला पोचवावी आणि बुडबुडे इतके जोरात सोडावेत की एकही अंडे तळाशी बसून राहणार नाही. या कामाला बुडबुड्यांचा दगड लावू नये, उघडी नळीच बरी. मग अर्धा चहाचा चमचा अंडी टाकून बाटलीजवळ एक छोटा दिवा लावून ठेवावा. पाणी २६ ते २८ अंश असेल तर २४ तासांत नारिंगी ठिपके वळवळताना दिसतात. पुण्याच्या थंडीत बाटली उघड्यावर राहिली तर दीड-दोन दिवसही लागतात, म्हणून ती हीटर लावलेल्या टाकीला खेटून किंवा टाकीतच अर्धी बुडवून ठेवणे सोयीचे होते.

वेळ झाल्यावर हवा बंद करून दहा मिनिटे थांबावे. रिकामी टरफले वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात आणि जिवंत आर्टेमिया उजेडाकडे ओढला जातो. दिवा बाटलीच्या खालच्या अर्ध्या भागाशी धरला की तिथे नारिंगी ढग जमतो. तो ढग बारीक नळीने ओढून दाट विणीच्या मलमलीतून गाळावा, गोड्या पाण्याने धुवावा आणि लगेच खाऊ घालावा. टरफले पिल्लांच्या पोटात जाऊन अडकू शकतात, तेव्हा हे वेगळे करणे आळसाने सोडू नये. आर्टेमियाच्या अंगातला सत्त्वाचा साठा फुटल्यानंतर काही तासांतच आटू लागतो, म्हणून काल फुटलेला आर्टेमिया आजच्या रात्री देण्यात अर्थ नसतो. त्याऐवजी दोन बाटल्या बारा तासांच्या अंतराने लावाव्यात. अंड्यांची डबी उघडल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवावी, कारण पुण्याच्या पावसाळ्यातील दमट हवेत उघडी राहिलेली डबी महिन्याभरात निकामी होते.

आधार म्हणून मायक्रोवर्मचा एक डबाही चालू असावा. ओट्सच्या थंड लापशीवर कोणाकडून तरी आणलेले चमचाभर विरजण घातले की आठवड्यात डब्याच्या कडांवर पांढरे सूक्ष्म कृमी चढू लागतात, आणि ते बोटाने पुसून टाकीत सोडता येतात. वास आंबूस असतो, तेव्हा डबा स्वयंपाकघरात ठेवण्याआधी घरच्यांची परवानगी घ्यावी. केवळ मायक्रोवर्मवर पिल्ले नीट वाढत नाहीत, पण वीज गेली आणि बाटली वाया गेली तर दोन दिवस निभावतात.

पुण्याचे पाणी

शहराला पाणी मिळते ते खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून, आणि सह्याद्रीतल्या पावसाचे हे पाणी मुळात मऊ असते. या बाबतीत पुणेकर भाग्यवान आहे, कारण अपिस्टोला मऊ पाणीच मानवते. अडचण येते ती सोसायटीच्या टाकीत. पुष्कळ सोसायट्यांत, विशेषतः उन्हाळ्यात, धरणाच्या पाण्यात बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जाते, आणि बोअरचे पाणी कठीण असते. त्यामुळे ‘आमच्याकडे धरणाचेच पाणी येते’ या समजुतीवर न विसंबता पेनाच्या आकाराचा एक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र) घ्यावा आणि दोन आठवडे रोज नळाचे पाणी मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवावे. आकडा दीडशेच्या खाली स्थिर राहत असेल तर कॉकाटू अपिस्टोसाठी आणखी काही करण्याची गरज नाही. तो तीनशे-चारशेवर जात असेल किंवा आठवड्यागणिक हेलकावे खात असेल, तर पिण्यासाठी बसवलेल्या आरओ यंत्राचे पाणी मिसळावे लागेल. उदाहरणार्थ, बोअरच्या पाण्याचा टीडीएस ६०० आणि आरओच्या पाण्याचा ३० असेल, तर एक भाग बोअरचे आणि चार भाग आरओचे पाणी मिसळल्यावर आकडा १४४ वर येतो. यंत्रातून बाजूला टाकले जाणारे पाणी मात्र झाडांनाच घालावे. त्यात क्षार अधिक साठलेले असतात.

सामू, म्हणजे पीएच, ६ ते ७.५ या दरम्यान असला तरी ही जात अंडी घालते. तो उतरवण्यासाठी दुकानातली रसायने ओतू नयेत, कारण ती सामू झटक्यात खाली नेतात आणि तो पुन्हा तितक्याच झटक्यात वर येतो. देशी बदामाची वाळलेली पाने हा त्यावरचा आपला उपाय आहे. पुण्यात रस्त्याकडेला आणि शाळांच्या आवारात हे झाड भरपूर आहे. पाने लाल होऊन गळतात तेव्हा धूर आणि कीटकनाशक न लागलेल्या जागची पाने गोळा करावीत, धुऊन उन्हात खडखडीत वाळवावीत आणि दोन फुटी टाकीत दोन-तीन पाने सोडावीत. पाणी चहासारखे फिकट तपकिरी होते, बुरशीला थोडा आळा बसतो, आणि पाने कुजू लागली की त्यांच्यावर वाढणारे सूक्ष्म जीव पिल्लांना टिपायला मिळतात. पाहुणे ‘पाणी घाण झालंय’ असे म्हणतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पाणी बादलीत चोवीस तास उघडे ठेवावे, किंवा अँटिक्लोरीन घालून वापरावे. पुण्यात नव्याने आलेल्यांना एक गोष्ट सांगायला हवी : दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद ठेवण्याची इथे रीत आहे, आणि दुसऱ्या दिवशी पाणी कमी दाबाने आणि पुष्कळदा गढूळ येते. त्यामुळे पाणी बदलण्याचा वार शुक्रवार ठेवू नये. पावसाळ्यातही धरणात गढूळ पाणी आले की शुद्धीकरणासाठी औषधांची मात्रा वाढलेली असू शकते. मी एकदा जुलैमध्ये घाईने, बादलीचा वासही न घेता, नळाचे पाणी थेट टाकीत सोडले आणि बारा दिवसांची अख्खी वीण संध्याकाळपर्यंत गमावली. तेव्हापासून माझ्या घरी दोन बादल्या कायम भरलेल्या आणि झाकलेल्या असतात.

झाकलेल्या असण्याचे कारण डास. डासांच्या अळ्या हे अपिस्टोचे सर्वांत आवडते खाद्य आहे, आणि अनेक जुने शौकीन त्या गच्चीवर मुद्दाम वाढवत. परंतु डेंगीच्या दिवसांत शेजाऱ्यांच्या जिवाशी असा खेळ करणे योग्य नाही. मोठ्या माशांना गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) आणि घरी वाढवलेला मॉइना (गोड्या पाण्यातला पिसवेएवढा जीव) पुरेसा होतो.

टाकी

एका जोडीसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी घ्यावी. तीत काठोकाठ भरल्यास सुमारे ५६ लिटर पाणी मावते. उंचीचा अपिस्टोला उपयोग नाही, त्याला तळाचे क्षेत्रफळ लागते. एक नर आणि दोन-तीन माद्या ठेवायच्या असतील तर तीन फुटी टाकी हवी, कारण निसर्गात या जातीचा नर मोठा इलाका धरतो आणि त्याच्या आत प्रत्येक मादी आपापला छोटा इलाका राखते. टाकी पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नये, एप्रिलमधल्या उन्हाने पाणी दुपारी चार-पाच अंशांनी चढते.

गाळणीसाठी हवेवर चालणारा स्पंज फिल्टर घ्यावा. मोटरचा फिल्टर पिल्ले ओढून घेतो, आणि स्पंजवर वाढलेले सूक्ष्म जीव उलट पिल्लांचे खाद्य होतात. नवी टाकी मासे सोडण्यायोग्य व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, कारण माशांच्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तेवढ्या अवधीत स्पंजमध्ये वसतात. ओळखीच्या कोणाच्या निरोगी टाकीत आपला स्पंज महिनाभर ठेवून आणला तर हा काळ बराच कमी होतो. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याखेरीज मासे आणू नयेत.

तळाला बारीक, गोल कणांची वाळू एक ते दोन इंच पसरावी. अपिस्टो वाळू तोंडात घेतो, चाळतो आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतो. म्हणून हल्ली बांधकामावर मिळणारी क्रश सँड, जी बेसाल्ट फोडून केलेली आणि टोकदार असते, ती इथे चालत नाही. पांढरे संगमरवरी खडे आणि शंख-शिंपलेही नकोत, ते पाणी कठीण करतात. शंका आल्यास दगडावर लिंबू पिळून पाहावे. फसफसला तर तो बाहेर ठेवावा.

गुहेसाठी दुकानातले महागडे शोभेचे किल्ले आणण्याचे कारण नाही. नारळाची करवंटी घ्यावी, खोबरे पूर्ण खरवडावे, पाणी दोन-तीनदा बदलून उकळावी आणि कडेला करवतीने सुमारे तीन सेंटिमीटर रुंदीची खाच पाडून पालथी ठेवावी. संक्रांतीला आणलेली सुगडेही उत्तम, मात्र ती रंग न दिलेली असावीत आणि हळदीकुंकू घासून धुतलेले असावे. सुगड आडवे करून निम्मे वाळूत पुरले की तोंड आपोआप अरुंद होते. तोंड अरुंद असण्याला महत्त्व आहे, कारण मादीला आपण आत मावतो पण नर सहज शिरू शकत नाही अशी जागा पसंत पडते. माद्यांच्या संख्येपेक्षा गुहा नेहमी दोन तरी जास्त ठेवाव्यात, आणि त्यांची तोंडे एकमेकींकडे वळलेली नसावीत. उरलेल्या जागेत लाकडाचा एखादा फाटेदार तुकडा, जावा मॉस आणि जावा फर्न लावावे. मॉस कितीही दाट झाले तरी चालते.

हीटर ५० ते ७५ वॅटचा, थर्मोस्टॅट असलेला घ्यावा, आणि वेगळा थर्मामीटरही लावावा, कारण हीटरच्या चकतीवरचा आकडा आणि पाण्याचे खरे तापमान यांत दोन अंशांचा फरक सर्रास आढळतो. वीज जाण्याची सवय असलेल्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा. आणि सोसायटीत धूरफवारणी होणार असेल तेव्हा खिडक्या लावून टाकी ओल्या कापडाने झाकावी, एअर पंप बंद करावा. फवारणीतील पायरेथ्रॉइड वर्गाची द्रव्ये माशांना अत्यंत विषारी असतात आणि पंप ती थेट पाण्यात ओढतो. डासांच्या यंत्रातली वडीसुद्धा त्या खोलीत लावू नये.

मासे आणणे आणि जोडी जमणे

पूर्ण रंगलेली मोठी जोडी विकत घेण्यापेक्षा तीन-साडेतीन सेंटिमीटरचे पाच-सहा तरुण मासे घ्यावेत. दुकानात मोठ्या टाकीतून ‘जोडी’ म्हणून काढून दिलेले मासे पुष्कळदा दोन नर असतात, त्यांपैकी एक दबलेला असल्याने मादीसारखा दिसतो. वाढ झाल्यावर फरक स्पष्ट होतो : नर सात-आठ सेंटिमीटरचा, पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उंच, आणि शेपटीला दोन टोके, मादी पाच सेंटिमीटरच्या आसपास, गोलसर, आणि पोटाखालच्या परांची पुढची कड काळी. पोट आत गेलेला, पांढरी तारेसारखी विष्ठा सोडणारा किंवा गुदद्वारातून लाल धागे लोंबणारा मासा कितीही सुंदर असला तरी घेऊ नये. आणलेले मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत. हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो आणि जवळपास कोणीच पाळत नाही.

महिना-दीड महिना गोठवलेले ब्लडवर्म, मॉइना आणि आर्टेमिया दिवसातून दोनदा थोडे थोडे देत राहावे, आठवड्याला पंचवीस टक्के पाणी बदलावे. तापमान २६ अंशांवर ठेवावे. जोडी जमली, की उरलेले मासे दुसरीकडे हलवावेत. मादी तयार झाली हे सांगावे लागत नाही : ती लिंबासारखी पिवळीधमक होते, अंगावरच्या खुणा गडद काळ्या पडतात, आणि स्वतःच्या दुप्पट आकाराच्या नरासमोर शरीर वाकवून थरथरत त्याला गुहेकडे बोलावते. त्याच सुमारास ती गुहेच्या तोंडाशी वाळू रचून दार आणखी लहान करते. अशा वेळी दोन-तीन दिवस आधी जरा जास्त पाणी बदलले आणि नवे पाणी एखादा अंश थंड असले, तर पाऊस पडल्यासारखे वाटून अंडी घालण्याची शक्यता वाढते.

अंड्यांपासून पोहत्या पिल्लांपर्यंत

मादी दिसेनाशी झाली आणि फक्त खाण्यापुरती क्षणभर बाहेर येऊ लागली, म्हणजे छताला अंडी चिकटली असे समजावे. ती लालसर असतात आणि साधारण चाळीस ते शंभर भरतात. करवंटी उचलून पाहण्याचा मोह आवरावा. टॉर्चचा प्रकाश तोंडातून तिरका टाकला तर पुरेसे दिसते, आणि तेही दिवसातून एकदाच. या दिवसांत टाकीत गोगलगायी असतील तर काढाव्यात.

आता नराचे काय, हा प्रश्न येतो. दोन फुटी टाकीत अंडी राखणारी मादी नराला इतके झोडपते की तो हीटरच्या मागे, पाण्याच्या पृष्ठभागाशी, पर मिटून उभा राहतो. असे दिसताच त्याला जाळीने काढून घ्यावे किंवा टाकीत जाळीची आडभिंत सरकवावी. तो दूरच्या टोकाला निवांत फिरत असेल तर राहू द्यावे. काही वेळा त्याच्या नुसत्या वावराने मादीचा पहारा अधिक नेटका होतो.

२६ अंशांवर तीन दिवसांच्या आत-बाहेर अंडी फुटतात. फुटलेली पिल्ले पोहत नाहीत, शेपटी हलवत एका ठिकाणी गोळा होऊन पडतात, आणि मादी त्यांना तोंडात घेऊन एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात हलवते. नवशिक्याला ती पिल्ले गिळते आहे असे वाटते. आणखी पाच दिवस पिल्ले पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतात, तेव्हा त्यांना काहीही घालू नये. नेमका हाच काळ आर्टेमियाची पहिली बाटली लावण्याचा असतो : अंडी फुटल्याच्या चौथ्या दिवशी बाटली लावली, की पिल्ले पोहायला लागतील त्या सकाळी अन्न तयार असते.

पहिल्यांदा आई होणारी मादी अंडी किंवा पिल्ले खाऊन टाकते, असे बरेचदा घडते, आणि त्यात तिचा किंवा तुमचा दोष असतोच असे नाही. तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा अंडी घालते. तीन विणी लागोपाठ नाहीशा झाल्या, तर चौथ्या वेळी अंडी असलेली करवंटी त्याच टाकीच्या पाण्यासह दहा लिटरच्या वेगळ्या पेटीत हलवावी, अंड्यांच्या जवळून बुडबुडे जातील अशी नळी लावावी आणि पाणी फिकट निळे दिसेल इतके थेंब मिथिलीन ब्लू हे बुरशी रोखणारे औषध टाकावे. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने रोज काढावीत. या पद्धतीने पिल्ले मिळतात. परंतु पिवळी आई मागे ढगासारखी पिल्ले घेऊन वाळूवरून चालली आहे, धोका दिसताच पर झटकून इशारा देते आहे आणि सगळा ढग क्षणात तळाशी बसतो आहे, हे दृश्य हातचे जाते. मी स्वतः पाचव्या प्रयत्नापर्यंत आईवरच सोपवतो.

पहिले दोन महिने

पोहू लागलेल्या पिल्लांना दिवसातून तीन वेळा, ते शक्य नसेल तर सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन वेळा, ताजा आर्टेमिया ड्रॉपरने नेमका त्यांच्या घोळक्यात सोडावा. पाच-दहा मिनिटांत पोटे नारिंगी आणि फुगीर दिसली पाहिजेत. ज्या पिल्लाचे पोट रिकामे दिसते ते बहुधा दुसऱ्या दिवशी दिसत नाही. उरलेला आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांत मरतो आणि तळाशी कुजतो, म्हणून एक दिवसाआड एअर पंपाच्या बारीक नळीने तळ ओढून दहा-पंधरा टक्के पाणी बदलावे. ओढलेले पाणी पांढऱ्या बादलीत पडू द्यावे, म्हणजे चुकून आलेली पिल्ले दिसतात आणि चमच्याने परत सोडता येतात. नवे पाणी त्याच तापमानाचे असावे आणि ते बारीक धारेने, अर्धा तास लावून सोडावे.

रात्री टाकीचा दिवा अचानक बंद करू नये. खोलीतला दिवा पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा, तेवढ्यात आई पिल्लांना तोंडाने वेचून गुहेत नेऊन ठेवते. एकदम काळोख झाला की टाकीभर विखुरलेली पिल्ले तिला गोळा करता येत नाहीत.

तापमानाचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण पुण्यात विणीचा महिना ठरवण्याइतका तो महत्त्वाचा आहे. उवे रोमर आणि वोल्फगांग बाइझेनहेर्ट्स या जर्मन संशोधकांनी १९९६ साली अपिस्टोग्रामाच्या तीसहून अधिक जातींची पिल्ले २३, २६ आणि २९ अंश तापमानांत वाढवून पाहिली, तेव्हा बहुतेक जातींत तापमान जितके जास्त तितके नर अधिक, असे आढळले. पिल्लू नर होणार की मादी, हे या माशांत सुरुवातीच्या काही आठवड्यांतील पाण्याच्या उबेवरही ठरते. (क्रिबमध्ये हेच काम सामू करतो, आम्लधर्मी पाण्यात नर वाढतात.) पुण्यात एप्रिल-मेमध्ये टाकीचे पाणी कोणताही हीटर न लावता ३० अंशांच्या वर जाते, आणि त्या दिवसांत वाढलेल्या विणीत दोन-चार माद्या सापडल्या तरी नशीब म्हणावे लागते. उलट थंडीत हीटर बंद पडून पाणी २१-२२ अंशांवर राहिले, तर वाढ रखडते. म्हणून टाकी ऑक्टोबरमध्ये लावावी, मासे नोव्हेंबरअखेरीस आणावेत आणि वीण जानेवारी-फेब्रुवारीत, हीटर २६ वर स्थिर ठेवून घ्यावी. मार्चअखेरीस ऊन तापू लागते तोवर पिल्ले दीड-दोन महिन्यांची होऊन गेलेली असतात. उन्हाळ्यातच वीण झाली तर टाकीचे झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फाच्या बाटल्या टाकून तापमान दिवसभर खालीवर करणे त्यापेक्षा घातक.

चार आठवड्यांची पिल्ले सेंटिमीटरभराची होतात आणि मग त्यांना चिरलेले ब्लडवर्म व उत्तम प्रतीच्या दाण्याचा चुरा हळूहळू सुरू करता येतो, आर्टेमिया मात्र दुसऱ्या महिन्यातही चालू ठेवावा. याच सुमारास मादी पुन्हा पिवळी पडू लागते आणि आपल्याच मोठ्या पिल्लांना हुसकावते. तो इशारा समजून पिल्ले दोन किंवा तीन फुटी वेगळ्या टाकीत हलवावीत, नाहीतर नवी अंडी जुन्या पिल्लांच्या पोटात जातात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नर-मादी ओळखू येतात आणि नरांची भांडणे सुरू होतात.

साठ पिल्ले वाढली तर त्यांचे काय करायचे, याचा विचार वीण घेण्यापूर्वीच करावा. ओळखीचे शौकीन आणि परिसरातील दुकानदार चांगली वाढलेली पिल्ले घेतात, आणि बदल्यात दुसऱ्या विणीतले दोन-तीन मासे मागून घ्यावेत, म्हणजे पुढच्या पिढीत भाऊ-बहिणींची जोडी लावावी लागत नाही. वाकड्या पाठीची आणि खुरटलेली पिल्ले कोणाला देऊ नयेत. आणि जागा नाही म्हणून एकही मासा मुळा-मुठेत, पाषाणच्या किंवा कात्रजच्या तळ्यात सोडू नये. मोझांबिक चिलापी भारतात १९५२ साली मुद्दाम आणली गेली आणि आज ती देशभरच्या जलाशयांत आहे. टाक्यांतून सुटलेला सकर मासा उजनीत मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. अतिरिक्त नरांसाठी माझ्याकडे एक वेगळी तीन फुटी टाकी आहे. मादी दृष्टीस नसली की आठ-दहा नर तिथे तुरे उभारून एकमेकांना नुसते धाक दाखवतात, मारामारी क्वचितच होते.